हरकती व सूचना

बाबांनी आयुष्यभर हरकती लिहिल्या.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी, गावठाणाच्या हद्दीसाठी.
बेलापूरच्या खिडकीवर पोच घेऊन
शिक्का वाळेपर्यंत कागद हातात धरून उभे राहायचे.
आता समाजमाध्यमांच्या नियमांचा मसुदा आलाय
आणि खाली तेच शब्द: हरकती व सूचना, तीस दिवसांच्या आत.
रकाना पाचशे अक्षरांचा.
माझी हरकत त्यात मावत नाही, म्हणून आधी इथे लिहिते.

मी महाप्याला कामाला आहे.
लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ बघते, रात्री दहा ते सकाळी सात,
एकाला तीस सेकंद, तीन बटणं.
राहू दे. काढ. वर पाठव.
आवाज बंद ठेवा, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
किंकाळ्या घरी येत नाहीत मग.
खरं आहे ते.

त्या रात्री पावणेतीनला
रांगेत आमचीच गल्ली आली.
तळवली, देवळामागचा नळ,
निळं पिंप, त्याला मीच बांधलेली दोरी.
एक दाढीवाला, खांद्याला काहीतरी लांब, लाकडी,
एका पोराचा हात ओढतोय.
वर अक्षरं: पोरां पलवनारा आयलाय, दारां लावा!
पोर म्हणजे दादाचा वेदांश.

भाषेच्या खान्यात यंत्राने भरलं होतं, हिंदी, बहुधा.
आगरी त्याला कुणी शिकवली नाही.
हिंसा? नाही. शस्त्र? कदाचित.

मी हेडफोन लावला.
टण्ण.
आणि वेदांश खिदळला, "परत! परत!"
शस्त्र नव्हतं, पिंजण होतं.
सलामत मन्सूरी पोराचं बोट धरून
तात छेडायला शिकवत होते.
दोन गाद्या, चार उशा, आईनेच बोलावलेलं,
चहाही दिलेला, कानाच्या कपात.

मी 'काढ' दाबलं.
पडद्यानं विचारलं, कोणत्या कलमाखाली?
खोट्याचं कलम आहे, पण त्याला बाहेरचा पुरावा लागतो,
मी त्या गल्लीत जन्मले हा पुरावा धरत नाहीत.
उलट हितसंबंध, म्हणून प्रकरण माझ्याकडून गेलं.
वर.
वर म्हणजे कुठल्या शहरात, आम्हालाही माहीत नाही.

सलामतभाईंचा नंबर कुणाकडेच नव्हता.
पिंजाऱ्याला कोण फोन करतं?
आवाज आला की माणसं खाली उतरतात.

उरलेल्या दोन उशांसाठी ते सकाळी परत येत होते.
सव्वाआठला रबाळ्याच्या रिक्षास्टँडवर गाठलं त्यांना.
सात टाके, डाव्या हाताची दोन बोटं,
पिंजण मोडून रस्त्यात.

दादाला मी विचारलं. तो उरणला, बंदरात, ड्युटीवर होता.
आपलंच पोर ओढलं जाताना दिसलं,
लगेच घरी फोन केला, वेदांश जेवत होता.
"मग?"
"मग काय, बाकीच्यांनी तरी सांभाळावं म्हणून."
अकरा ग्रुप.
हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

एकतीस तासांनी उत्तर आलं.
काढण्यात आला आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार.
तोवर त्याच्या नकला निघाल्या होत्या, एकीला तर
मागे गाणं जोडलेलं, एकीत गाव पनवेलजवळचं.

कापूस अजून माळ्यावर गोणीत आहे.
आई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही,
आणि सलामतभाईंकडे जायचं धाडसही तिला होत नाही.

काल रात्री रकान्यात एकच ओळ लिहिली:
बघणाऱ्याला भाषा कळत असेल, तर त्याला आवाज चालू करू द्या,
आणि त्याने सांगितलेलं त्याच रात्री ऐका.
चारशेच्या आसपास अक्षरं उरली.
बाबा मागे उभे, चष्मा कपाळावर.
सगळं वाचून झाल्यावर म्हणाले,
"पोच घेतलीस का?"

पडद्यावर गोल फिरत होतं काहीतरी.
आम्ही दोघं बघत बसलो.